ए-टूचा सुळा

अल-राईच्या शुक्रवार बाजारात
कुणाच्या तरी आवरलेल्या संसाराच्या ढिगात
मिक्सरचं भांडं आणि सायकलचं एक पेडल यांच्यामध्ये
तो उताणा पडला होता.
माना तीन. डोकी दोनच.
अबू मिशाल म्हणाला, अर्धा दिनार.
मी म्हटलं, एक डोकं कुठाय?
म्हणून तर अर्धा.

हवल्लीच्या लॅबमध्ये मी दिवसभर दात करतो.
माणसं दिसत नाहीत मला,
त्यांच्या चाव्याचे ठसे येतात पिशवीतून, चिठ्ठीसकट:
वरचा डावा सुळा, छटा ए-टू, तातडीचं.
रात्री सालमियाच्या खोलीत हात तेच,
चाकू तोच मेणाचा,
उरलीसुरली पावडर बशीत कालवली
की सुधाकरन नाकावर उशी दाबून विचारतो,
"डॉक्टर, आज कोण पेशंट?"

एक घोडा होता, कपाळावरचं शिंग मुळातून गेलेलं.
उदबत्तीच्या काडीवर पुटं चढवून नवं केलं,
खिडकीत उन्हाला ठेवला की अजून मोगऱ्याचा वास मारतो.
एक जलपरी, शेपटी नसलेली.
तिचं काही सुचेना. साबणदाणीत बसवली,
तिथेच आहे.

वैजूच्या लेखी या सगळ्या पालीच.
"ही पंख फुटलेली, ही तीन तोंडांची,
आणि स्वयंपाकघरातली साधी एक हाकलायला सांगितली
तर तुम्ही गच्चीवर."
मी म्हणतो, अगं, गडाच्या दरवाजावर शरभ नसतो का,
पंजात हत्ती धरलेला?
ती म्हणते, तो दरवाजा राखतो.
हे काय राखतात?
मी रंग ढवळत राहतो.

हिरवा रंग नेलपॉलिशच्या रिमूव्हरने उतरला.
खाली जांभळा. जांभळ्याखाली चंदेरी.
आणि पोटावर बॉलपेनने काही अरबी,
मला दुकानांच्या पाट्यांपुरतीच येते,
एकेक अक्षर जुळवत वाचलं:
लुलवाचा आहे. हात लावू नका.

मोडक्या मानेवर जुना गोंद, पिवळा, दगड झालेला,
त्यात अंगठा उमटलेला.
एवढासा. माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
म्हणजे डोकं आधीही तुटलं होतं,
कुणीतरी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून
ते धरून बसलं होतं, वाळेपर्यंत,
किंवा वाळायच्या जरा आधीपर्यंत.

मायक्रोमोटर सुरूच होता हातात.
सांधा दिसता कामा नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात.
मी बंद केला.
नवी मान ठशाच्या अलीकडून काढली,
ती तिरकी बसली.
दोन डोकी आता समोर बघतात, तिसरं मागे.

अकराव्या रात्री वार्निश लावलं आणि धुळीचं वादळ आलं.
खिडकीच्या फटीतून, एसीतून, कुठून कुठून
सगळं वाळवंट त्याच्या ओल्या पाठीवर येऊन बसलं.
सकाळी पॉलिश पेपर घेतला, पाठीवरून बोट फिरवलं,
पेपर ठेवून दिला.
कातडी अशीच असणार.

लॅबमध्ये मार्चला मशीन येतंय,
दात छापणारं. इकामाही मार्चपर्यंतच.
खणात एक सुळा पडून होता दोन वर्षं,
पेशंट देश सोडून गेला, न्यायला कुणी आलंच नाही.
भट्टीतून निघालेला, चकचकीत, माणसाचा.
तो मी तिसऱ्या डोक्याला बसवला.
थोडा मोठा होतो.

वैजूने फोन डोळ्यांजवळ नेला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "हा हसतोय की.
वजन किती याचं?"

मी लॅबच्या काट्यावर आधीच करून ठेवलं होतं.
तीनशे वीस ग्रॅम.
दातासकट.