पाणसळ

भाद्रपद सरला, गणपती पोचवून झाले,
तरी उभादांड्याच्या आमच्या खळ्यात
पाणी बसूनच होतं, उठायचं नाव नाही.
ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका
चिऱ्याच्या तुकड्यांवरून उड्या मारत यायच्या,
एका हातात चपला, एका हातात कापड.
शेवाळावर चमणकरांची सून घसरली त्या दिवशी
मी मशीनवरून उठले आणि बावतीसला फोन लावला.

बावतीसने टाच रुतवून बघितली.
उचलली, तर खड्ड्यात लगेच पाणी.
"ह्यां काय खळां? ह्यां तर ताट," म्हणाला,
"कडेक काठ, मधी आमटी."

पिशवीतून त्याने नळी काढली, पारदर्शक, वीस हात लांब.
विहिरीच्या पाण्याने भरली,
टिचक्या मारून बुडबुडे घालवले.
एक टोक माझ्याकडे, स्वयंपाकघराच्या दाराशी.
दुसरं धरायला घरात एकच माणूस होतं.

विनया आली, ओढणी कमरेला खोचून.
वैशाखात परत आल्यापासून
ती खळ्यात उतरलीच नव्हती.
नळीतलं पाणी वरखाली झालं, डुचमळलं,
मग दोन्हीकडे थांबलं.
"किती?" मी ओरडले.
"माझ्याकडची जमीन चार बोटं उंच."
म्हणजे रस्त्याकडून सगळा उतार
माझ्याच उंबऱ्यावर.

"कोणी केल्यान ह्यां?" बावतीसने विचारलं.

कोणी म्हणजे मी.
तीन वर्षांपूर्वी, दोन डंपर माती, एक जेसीबी,
चारशे खुर्च्या डुगडुगू नयेत म्हणून.
आधी इथे व्हाळी होती, तिरकी,
सासऱ्यांनी खणलेली, गडग्याखालून आगरात उतरणारी.
जेसीबीवाल्याने विचारलं होतं, ही बुजवू?
मी पंगतीची पानं मोजत होते.
म्हटलं, बुजव.

हे सगळं मी बावतीसला सांगितलं.
विनया नळी गुंडाळत होती. गुंडाळून झाली,
तिने सोडली, पुन्हा गुंडाळली.

तीन दिवस खणलं.
दाराशी वीतभर, गडग्याशी गुडघाभर,
दोन हातांमागे एक बोट उतार,
बावतीस पावलापावलाला नळी लावून बघायचा.
माती लाल, वास शिळ्या डबक्याचा.
मांडवाच्या खांबाचा कुजका बुंधा निघाला,
चहाचे कप निघाले, चेपलेले,
आणि थर्माकोलचं एक अक्षर, अगदी धडधाकट,
सोनेरी भुकटी तेवढी उडालेली.
वि.
शुभविवाहातला की विनयातला, कळायला मार्ग नाही.
तिने तो पाण्याने धुतला
आणि गडग्यावर वाळत ठेवला.

गडग्यापलीकडे तात्या चमणकर
तीन दिवस उभे होते, हात मागे बांधून.
चौथ्या सकाळी म्हणाले,
"पावसाचां येवंदे माडांक. साबणाचां नको."
मोरीचा पाईप वेगळा काढीन, मी शब्द दिला.
मग त्यांनीच वाकून दोन चिरे ओढले.
मागे जुनं भोक तसंच होतं, मातीने भरलेलं,
आत एक कुर्ली, नांग्या वर करून.

तळाला चिपा बसवल्या, कडेला चिरे.
बावतीसने पंप चालू केला.
पाणी दाराशी आलं, घुटमळलं,
जसं नवीन माणूस ओटीवर घुटमळतं,
आणि चालू लागलं.
विनयाने गडग्यावरचं अक्षर उचललं
आणि पाण्यात सोडलं.
आम्ही कोणी काही बोललो नाही.
ते डुलत गेलं, वळणावर अडकलं,
तिने पायाच्या अंगठ्याने ढोसललं,
भोकातून पलीकडे.

"कायतरी इलां गो!" तात्या ओरडले.

"येवंदे," विनया म्हणाली.

तुळशीमागचा कोपरा अजून ओला आहे.
बावतीस म्हणतो, तो तसोच ऱ्हवतलो.
तिथले दोन चिरे मी उचललेले नाहीत.