तिसरी ब, तुर्भे

फिश म्हटलं की दर्शिका विचारते,
"कंची, बाई? निवटी का बोईट?"
पुस्तकातला मासा नुसताच केशरी.

हुलगेश जूनपासून गप्प.
खदानीवरून येतो, भुवयांत पांढरी धूळ घेऊन.
आज फळ्यावर 'स्टोन' लिहिलं
आणि वाटेत उचललेली खडी
त्याच्या बाकावर ठेवली.
बघत राहिला. मग म्हणाला,
"रायी."
मी म्हटलं, रायी.
"तसं नाय."
तीनदा म्हणायला लावलं मला,
चौथ्यांदा अख्खा वर्ग माझ्या मदतीला आला.
त्या गोंधळात कधीतरी
त्याच्या तोंडून 'स्टोन' निघून गेला,
त्यालाही कळलं नाही.

सुट्टीत खडी परत करायला आला.
म्हटलं, ठेव तुला.
"नको, बाई. घरी लई आहेत."