पाच मिनिटं

थंडर बेच्या त्या घरात माझी पाळी तीनला सुरू होते.
बूट काढायचे, किल्ल्या खुंटीला,
मग वही. वहीत तीन रकाने:
आधी काय झालं. काय झालं. नंतर काय झालं.

मधल्या रकान्यात नेहमीच दाटी.
आर्वोने ताटली फेकली.
आर्वोने मनगट चावलं, डावं.
आर्वो जिन्याखाली बसून राहिला, कोट डोक्यावर घेऊन.
पहिल्या रकान्यात मात्र आम्ही सगळे
निरनिराळ्या हस्ताक्षरांत एकच लिहायचो:
काहीच नाही.

आर्वो लेहतिनेन, वय एकवीस, खांदे बापाचे.
बाप बंदरावर धान्याच्या कोठारात होता.
कुठलं जहाज किती फूट लांब, कधी आलं, कधी सुटलं,
सगळं याच्या जिभेवर.
"दुखतंय" एवढं मात्र नाही.

कोलीनने योजना लिहिली, अकरा पानी.
हिरवं कार्ड, पिवळं, लाल,
आणि शांत गेलेल्या दिवसाला एक चांदणी.
रोज दाढी करणाऱ्या माणसाला चांदणी!
त्याने ती सोलून काढली
आणि माझ्या बाहीवर चिकटवली. हसला नाही.

फेब्रुवारीत, उणे एकतीसमध्ये,
त्याला बंदर बघायचं होतं आणि गाडी सुरू होईना.
"पाच मिनिटं," मी दारातून म्हणाले,
जसं कुणीही म्हणतं.
काचेवरचा बर्फ खरवडून आत आले
तर मनगटातून रक्त.

पान सात: बोलू नका, दोन पावलांवर बसा.
बसले. फरशी गार होती.
बऱ्याच वेळाने तो घड्याळाला म्हणाला,
"अकरा."
मग माझ्याकडे न बघता,
"अकरा. पाच नाही."

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या,
एकेकाला फोन करून विचारलं, त्याआधी तू काय म्हणालास?
रात्रपाळीचा डेस्मंड: आलोच पाच मिनिटांत.
कोलीन: पाच मिनिटं थांब हं, राजा.
दर रविवारी ड्रायडनहून निघणारी त्याची आई: पोचतेच.
एवढी माणसं, एवढा जीव लावणारी,
आणि एकाचंही पाच
पाच नव्हतं.

नवी योजना दीड पानाची.
तिच्यात आर्वोने काय करावं हे जवळजवळ नाहीच.
स्वयंपाकघरातला गजर लावा. वाजला की उठा,
हातातलं काम अर्धं असलं तरी.
आणि ठाऊक नसेल तर म्हणा, माहीत नाही.
हे शेवटचं आम्हाला फार जड गेलं.
डेस्मंड तर दोन आठवडे अडखळत होता,
लहानपणी तोतरा होता म्हणे, तसा.

ताटल्या अजून फुटतात. मार्चमध्ये दोन,
एक आगीच्या भोंग्याची चाचणी झाली तेव्हा,
दुसरी का, कळलं नाही.
पहिल्या रकान्यात मी लिहिलं: कळलं नाही.

एप्रिलमध्ये सरोवरावरचा बर्फ फुटला.
आम्ही बाकावर, मध्ये थर्मास,
लांबवर मोसमातलं पहिलं जहाज, ठिपक्याएवढं.
"धक्क्याला कधी लागेल?" मी विचारलं.
त्याने घड्याळ पाहिलं, पाणी पाहिलं,
आणि अगदी माझ्याच आवाजात,
माझ्यासारखाच आधी श्वास घेऊन, म्हणाला,
"माहीत नाही."

मग थर्मासचं झाकण
माझ्याकडे सरकवलं.