चौथा फाटा

डोरीन सायक्स, वय चौऱ्याहत्तर.
मीच रचली तिला, गेल्या नोव्हेंबरात,
हडर्सफील्डच्या या तिसऱ्या मजल्यावर
हीटर खोकत असताना.
नवी कवळी दिली, हिरड्या सोलणारी.
काळजाला बेताल ठोके दिले, म्हणून वॉरफरिन.
आणि तोंडी एक वाक्य:
‘तोंड आलंय गं पोरी, ती जेलची ट्यूब देतेस?’

स्क्रीनवर तीन फाटे फुटतात.
द्या. देऊ नका. डॉक्टरांकडे पाठवा.

कॅलम ‘द्या’ दाबतो. त्याची बस पाच दहाची.
पुढच्या पानावर पाचवा दिवस उजाडतो:
डोरीनच्या कोपराखाली डाग,
वांग्याच्या सालीसारखा,
आणि उशीच्या अभ्र्यावर लालसर लाळ.
कॅलम ओठ चावतो, ‘मागे’ दाबतो
आणि डोरीन परत काउंटरशी उभी,
धडधाकट, पर्सची चेन ओढत.

हे बटण मी बनवलं.
मला कुणी दिलं नव्हतं.

ड्यूसबरीचं दुकान, शनिवार, रांग थेट दारापर्यंत.
एका बाईनं हीच ट्यूब मागितली, मी दिली,
सुटे पैसे मोजून दिले, ‘काळजी घ्या’ही म्हणाले.
‘आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?’
हे विचारायला चार सेकंद लागतात.
नंतर मी मोजलेत, पुष्कळदा.
तिचं नाव मी केसमध्ये घातलं नाही.
कोपर मात्र तिचंच आहे.

आज शनीस हात वर न करताच म्हणाली,
‘विनया, तिन्हींत तिला कुणी बसायलाच सांगत नाही.’
कुणीतरी हसलं.
मी म्हटलं, सिस्टिममध्ये तीनच पर्याय बसतात.
ते खोटं होतं. मला कंटाळा आला होता.

रात्री सगळे गेल्यावर चौथा फाटा काढला.
खुर्ची द्या.
एवढंच लिहिलं आणि स्वतःच दाबून पाहिलं.

डोरीन बसते. पर्स मांडीवर.
रुमाल, बसचा पास, पेपरमिंटच्या गोळ्या,
आणि त्यांच्याखाली ती पिवळी वही,
वॉरफरिनची, कोपरे दुमडलेली.
पहिल्याच दिवशी मी तिथे ठेवली होती.
चाळीस पोरांत एकानंही मागितली नाही.

आता ती बोलायला लागलीय,
कवळीबद्दल, मग आल्फबद्दल, मग जिन्याबद्दल,
आणि किती ओळी लिहायच्या ते मला ठरवता येत नाही.

या फाट्यावर ‘मागे’ ठेवायचं राहूनच गेलं.
सकाळी लक्षात आलं.
राहू दिलं.