सुटलेला टाका

बुधवारी दुपारी दोनला
चर्चच्या तळघरातला बॉयलर खोकायला लागतो
आणि आम्ही सातजणी सुया बाहेर काढतो.
वर धक्क्यावर बर्फ, लॉबस्टरचे जादा पिंजरे एकावर एक;
खाली कॉफी, जी विल्हेल्मिना हमखास कडू करते
आणि एवढ्या वर्षांत कोणी तिला सांगितलेलं नाही.

शाल कोणासाठी, हे सुरुवातीला ठरलेलं नसतं.
दुःख काय, येतंच कोणाच्या तरी दारी;
आपण आधी टाके घालून ठेवायचे.
तीन सुलट, तीन उलट.
पास्टरबाई म्हणतात, त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.
मला विचाराल तर
अशा विणीची कडा गुंडाळत नाही, इतकंच.

रंगावरून मात्र भांडणं होतात.
ऑर्फा म्हणते, शोकाला करडाच हवा.
डेल्मा म्हणते, करडा नोव्हा स्कोशियात खिडकीबाहेर फुकट मिळतो,
लोकरीला पैसे कशाला मोजायचे?

उना मोशर कधी भांडत नाही.
एक्याऐंशी वर्षांची.
मासळीच्या कारखान्यात चाळीस वर्षं सुरी चालवलेले हात
आता तिचं ऐकत नाहीत.
दर बुधवारी ती दहा ओळी विणते.
दर बुधवारी तिला मोटारीत बसवून आले
की मी त्या दहा ओळी उसवते
आणि पुन्हा विणते, असायला हव्यात तशा.
हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला सोडून.
ह्यालाही आम्ही मायाच म्हणायचो.

फेब्रुवारीत ह्यूबर्ट झ्विकरची बोट परत आली,
त्याचा मुलगा आला नाही.
त्याच संध्याकाळी शाल हवी होती.
सुईवर होती ती एकच, शेवाळी हिरवी,
आणि तिच्यात उनाच्या ओळी तशाच.
वेळ नव्हता. मी टाके बंद केले
आणि घडी अशी घातली
की तो सुटलेला टाका आत जावा.

तीन महिने मला ते टोचत राहिलं:
ज्या घरातून माणूस गेला
त्या घरी आपण भोक पाठवलं.

मे महिन्यात, पिंजरे उचलायच्या आठवड्यात,
ह्यूबर्ट जिना उतरून खाली आला.
रबरी बूट, हातात टोपी,
पावाच्या रिकाम्या पिशवीत शाल.
टेबलावर पसरली. म्हणाला,
हे कोणी केलं?

सुया थांबल्या.
मी माझ्या गुंड्याकडे बघत राहिले.
उनाने हात वर केला, शाळेत करतात तसा.

रात्री माझं बोट इथे जातं, तो म्हणाला.
हे. अंगठ्याशेजारचं.
मग झोप लागते. लागली तर.
पण भोक वाढत चाललंय.
बुजवू नका. फक्त थांबवा.

बुजवायचं नाही, थांबवायचं:
हे मला आईनेही शिकवलं नव्हतं.
सुटलेले फास एकेक करून आकड्यावर घेतले,
सदऱ्याला काज करतात तसा
भोवती धागा फिरवला, आवळला नाही.
मापासाठी त्याने बोट आतच ठेवलं होतं.
डिझेलचा वास. नखाखाली बोटीचा निळा रंग.
उना शाल ताणून धरून होती
आणि तिचा हात थरथरत होता
म्हणून मला दोनदा पहिल्यापासून करावं लागलं.

तो गेला.
कॉफीला नको म्हणाला, ते शहाणपणाचंच.

त्यानंतर मी उनाच्या ओळी कधी उसवल्या नाहीत
असं लिहायला मला आवडलं असतं.
उसवते.
कधी तीन, कधी चार. सवय.
पण आधी दिवा बंद करते,
शाल मांडीवर घेऊन अंधारात हात फिरवते,
आणि जिथे बोट अडकतं
तेवढं राहू देते.