हा ऑडिओ चालत नाही

बर्नली मार्केटात माझा गाळा, चाव्या घासणाऱ्याच्या शेजारी.
मंगळवार. बोहनी नाही.
डोरीन हॅल्स्टेड आली, चाकांची पिशवी ओढत.
ख्रिसमसला मुलानं दिलेला फोन काचेवर ठेवला
आणि म्हणाली, ह्यातला व्हिडिओ मुका आहे.

फाईल बघितली. थ्री-जीपी. दोन हजार सहा सालची.
आजच्या पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी,
ताणली की माणसांचे चौकोन होतात.
कुठल्याशा नोकियावर घेतलेली, मग मेमरी कार्डात,
मग मुलाच्या लॅपटॉपात, मग इथवर.
एवढी बिऱ्हाडं बदलून
कोण आवाज सांभाळेल?

आधी करायचं ते केलं. फोन बंद, चालू.
दुसरा प्लेअर टाकला. तो म्हणाला,
हा ऑडिओ चालत नाही.
तिसऱ्यानं तेही सांगितलं नाही.
थ्री-जीपी खोडून एमपी-फोर लिहून बघितलं,
पाटी रंगवून दुकान बदलत नाही
हे ठाऊक असून.

तिला समजावलं : फाईल म्हणजे डबा.
एका कप्प्यात चित्र, एकात आवाज.
चित्राचा कप्पा उघडतो.
आवाज ज्या भाषेत बांधलाय
ती हा फोन शिकलेलाच नाही.

पण आवाज कुणाला हवाय? ती म्हणाली.
मुलगा म्हणतो बिघडलंय, म्हणून आले.

पडद्यावर माग. मिलची शेवटची पाळी.
निळ्या एप्रनातली एक बाई आमच्याकडं बघत
ओठ चांगले मोठे करून काही सांगतेय.
‘ही ऑलिव्ह.’
डोरीननं चष्मा कपाळावर सारला आणि वाचायला लागली,
वाण्याची यादी वाचावी तशी :
‘एर्नीला सांग किटली माझी आहे.
दोन पौंड येणं होतं, ते राहू दे.
सोमवारी मी काय करू गं?
अगं बंद कर ते, केस बघ माझे.’

खात्यात कानाचा उपयोग नसतो, म्हणाली.
आम्ही सगळ्या ओठ वाचायचो.
बसमध्ये बसून पलीकडच्या बसमधल्या बाईची
अख्खी सून ऐकलीय मी, काचेतून.

तरी माझा हट्ट.
संध्याकाळी फाईल कॉम्प्युटरवर घेतली,
आवाजाचा कप्पा सुटा केला,
जुनी बांधणी, बेतलेली फक्त माणसाच्या बोलण्यापुरती,
ती उसवून नवी घातली, चित्राला परत जोडली.
हिरवी पट्टी सरकत गेली.
प्ले.

खटक्-खट खटक्-खट खटक्-खट
खटक्-खट खटक्-खट

बावन्न सेकंद एवढंच.
ऑलिव्हचं एक अक्षर नाही.

मला मात्र शेडच्या पाठीमागची खोली ऐकू आली,
इचलकरंजीची, भिंतीसकट थरथरणारी,
कांड्या भरणारी आई,
आणि जॉबर अण्णा, रविवारीसुद्धा
मीठ ओरडून मागणारे.
अजून फोनवर म्हणतात, मोठ्यानं बोल.
मी मोठ्यानं बोलतो.
पण जे बोलायचं असतं
ते मोठ्यानं बोलता येत नाही.

गुरुवारी डोरीन आली. ऐकलं.
फोन जरा लांब धरला, शिंकणाऱ्या पोराला धरावा तसा.
‘हो. असाच होता मेला.
आता हा काढता येईल?’

काढला. तीन पौंड घेतले.
आवाजाची प्रत तिला विचारून माझ्याकडं ठेवली.

रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.
माझ्याकडचा माइक बंद केला
आणि ओठ चांगले मोठे करून विचारलं,
जेवलासा?

अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग कपाळ. मग छत. मग परत डोळे.
‘जेवलो की,’ म्हणाले,
‘ओरडतोस कशाला?’