रकाना सहावा

ज्येष्ठांचं कार्ड काढायला वडगावच्या ऑफिसात गेलो.
खिडकीतल्या पोरीनं कन्नडात विचारलं, जन्मतारीख?
म्हटलं, वाघानं आमची चांदी म्हैस धरली
त्याच्या आदल्या शिमग्याला.
ती हसली. एक जून घातलं.
आमच्या गवळीवाड्यावरचे सगळेच एक जूनचे.
एका दिवसात एवढी पोरं
एकट्या सुईणीनं काढली म्हणायची.

सहावा रकाना, मातृभाषा.
इथं तिचं पेन थांबलं.
माझ्या मागचा म्हणाला, मराठी लिवा की.
त्याच्या मागचा, कन्नड घाला, काम लवकर होतंय.
डेअरीत क्यान धूत होतो तेव्हापासून
ऐकतोय ही मोजणी.
डोकं दोघांनाही पाहिजे.
तोंडात काय आहे, कुणी वाकून बघितलं नाही.

तोंडात आहे ते असं:
शिंगं खाली पडलेली ती ढापी,
पान्हा चोरणारी ती लबाड, पण प्रेमानं म्हणायचं,
आणि खानापूरच्या रानात धुकं उतरल्यावर
म्हशी परत बोलवायची एक हाळी,
तिला अक्षर नाही.
पोरीला म्हटलं, ही लिहितेस?
रांग हसली. मीही.

डॉक्टर म्हणतात, बागडूमामा, रोज अर्धा तास चाला.
सरळ रस्त्यानं चालून पोचायचं कुठं?
रविवारी आम्ही सहाजण
थोरल्याच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर गोल धरतो,
पाण्याच्या टाक्यांमधनं,
वाळत घातलेले कुणाचे युनिफॉर्म वाकून चुकवत,
गजाची पावलं.
ढोल नाही. धाकू कोकरे क्यानचं झाकण बडवतो.
खालच्या बाईंनी तक्रार दिली, पंखा हलतो म्हणून.
आता साडेपाचला त्या पंखाच बंद ठेवतात.

सगू मधोमध.
परवा दवाखान्यात सुई टोचायला नर्स म्हणाली,
आज्जी, कोपरापर्यंतच्या बांगड्या काढा.
सगू म्हणाली, पायाला टोच.
पायालाच टोचली.
त्याच पायानं नाचते, सूज असताना,
मी ओरडतो तरी.

कार्ड आलं.
सहाव्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
सगूनं ते उजेडात धरलं, म्हणाली,
बरंय, टेकायला कट्टा ठेवला.

झिमू येडगे अनगोळला लेकीकडं असते,
तिला जिना चढवत नाही, लिफ्ट बंद.
येत्या रविवारी खुर्चीसकट वर आणायची ठरलंय.
चौघं तरी लागतील.
आमच्या सहाजणांत धड गुडघे
मोजून पाच.
बघू.